रोजगाराकडे तोंड

माझ्यावर कुणी विश्वासच ठेवला नाही. माझी वृषाली पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आली, तरी लेथ मशीनला तिचा हात लागलेला नाही, वर्कशॉपला कायम कुलूप असतं, हे सांगून मी दमले. "चौथी शिकलेल्या बाईला त्यातलं काय कळतंय!" म्हणत माझा नवराच हसला.

नवं वर्ष सुरू झालं तशी पालकांची सभा भरली. पाहुणे एका कारखान्याचे मालक. मशीन चालवून दाखवेल तिला ते त्याच दिवशी नोकरीला घेणार होते. प्राचार्यांचं आपलं एकच पालुपद, "यंदापासून शिक्षण रोजगाराभिमुख!"

मी उठलेच. "साहेब, अभिमुख म्हणजे काय हो?"

"सोपं आहे, बाई. त्या दिशेला तोंड असलेलं."

"मग खरं बोललात. आमच्या पोरी दोन वर्षं नोकरीकडे तोंड करूनच उभ्या आहेत. मधलं वर्कशॉपचं कुलूप तेवढं काढा, म्हणजे पाऊलही टाकतील."

सभा खो खो हसली. मालक उठले आणि त्यांनी कुलूप काढायला लावलं. लेथवर गेल्या दसऱ्याचा हार वाळून तसाच होता.

"महिनाभर पोरींना यावर शिकवा, मग मी परत येतो निवडायला," मालक म्हणाले. "पण हे बंद कुणी ठेवलं?"

प्राचार्यांनी वर्कशॉपच्या सरांकडे बघितलं, सरांनी शिपायाकडे. शिपायाच्या खाली कुणी नव्हतंच. त्यानं वर बघितलं आणि सांगून टाकलं, "मशिनं खराब होतील म्हणून कुलूप लावायला सांगणारे हेच, प्राचार्य निफाडकर."