सायाळमावशीच्या पाठीवरचे पापड

फार वर्षांपूर्वी, दुपारी बरोबर चार वाजता, सायाळमावशींनी वडाखाली पिल्लांना नवी गोष्ट वाचून दाखवली. आपल्याच पाठीचा काटा शाईत बुडवून त्या गमतीच्या गोष्टी लिहीत. त्या दिवशीच्या गोष्टीतलं कासव लग्नाला निघालं आणि थेट बारशालाच पोचलं! पिल्लं हसून लोळली. गोटू कासव मात्र कवचात शिरला, तो बाहेरच येईना.

दुसऱ्या दिवशी त्याची आई रडकुंडीला आली. "मावशी, सगळ्यांना हसवलंत खरं, पण माझं लेकरू कालपासून उपाशी आहे हो!"

मावशी वरमल्या. त्यांनी लगेच दुसरी गोष्ट लिहिली आणि कवचाशी बसून वाचली. "एकदा मी वाळत घातलेल्या पापडांवरच झोपले. उठले तर सगळे पापड पाठीवर! आणि मी घरोघरी विचारतेय, 'अहो, माझे पापड कुणी नेले?'"

कवचात कोणीतरी खुदकन हसलं. मग हळूच डोकं बाहेर आलं. "मावशी, तुम्ही अगदीच वेंधळ्या! मग काय झालं?"

"सांगते. आधी हा पाला खा बघू."

गोटू खाऊ लागला, पण हसू काही आवरेना.

तुमच्या ओळखीत कोणी मुलांसाठी गमतीचं लिहीत असेल, तर त्यांच्या कानावर एवढी पापडांची गोष्ट घाला.