आजीचा चष्मा

"पण चष्मा कुठाय?"

यूसेबियो मास्तरांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं, तशी लिआंद्रोच्या मस्तकात तिडीक गेली.

क्यूबातल्या मातान्सास शहरात काळ्या माणसांची चित्रं काढावीत तर या म्हाताऱ्यानंच, असा मास्तरांचा लौकिक. लिआंद्रो गेली नऊ वर्षं त्यांचा चेला, आणि हल्ली त्याचे पाय जमिनीवर नव्हते. माद्रिदच्या एका गॅलरीनं त्याची चित्रं मागवली होती! अट एकच, सोबत चित्रकाराची ओळख करून देणारं गुरूचं दोन ओळींचं पत्र हवं. चित्रं न्यायला गाडी पाचला येणार होती, आणि साडेचार तर केव्हाच वाजून गेले होते.

समोर त्याच्या आजीचं, दोमितिलाचं चित्र उभं होतं. डोक्याला पांढरं फडकं, गळ्यात कवड्यांच्या माळा, तोंडात चिरूट.

"चष्मा मीच काढून टाकला," लिआंद्रो म्हणाला. "शोभत नव्हता."

"आणि चिरूट? दोमितिला कधीपासून ओढायला लागली?"

"मास्तर, ही नुसती माझी आजी नाही हो! जहाजांत कोंबून आणलेल्या आपल्या सगळ्या काळ्या लोकांची ओळख आहे ही. आफ्रिका आहे!"

"छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं तिनं."

"गणिताच्या बाई बघायला तिकडे कोण येणार?"

बोलून गेला आणि लिआंद्रोनं जीभ चावली. मास्तर पुन्हा चित्राकडे वळले.

"तिनं पाहिलंय हे?"

"...नाही."

"का रे?"

आजी काय म्हणेल ते लिआंद्रोला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर चित्र चादरीत गुंडाळून घराच्या मागच्या दारानं मास्तरांकडे आणलं होतं. लाज वाटत होती, पण आता माघार घ्यायची म्हणजे हातातोंडाशी आलेला घास घालवायचा.

"पत्र देता ना, मास्तर?"

"देतो की. बस तिथं."

तो स्टुलावर बसला. चित्रासाठी त्यानंच बाजारातून आणलेली कवड्यांची माळ टेबलावर होती. मास्तरांनी ती त्याच्या गळ्यात घातली. स्वतःचा विझलेला चिरूट त्याच्या ओठांत खोचला. मग हात पुढे करून त्याच्या नाकावरचा जाड भिंगांचा चष्मा अलगद काढून घेतला.

"वा! आता कसा शोभतोस."

लिआंद्रोला समोर नुसता धुरळा दिसू लागला. मास्तर कुठे आहेत, तेही कळेना. कागदावर पेन चालल्याचा आवाज तेवढा येत होता. दोन ओळींना इतका वेळ?

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

घडी केलेला कागद त्याच्या हातात आला. त्यानं घाईघाईनं तो उलगडून डोळ्यांसमोर धरला. अक्षरं मुंग्यांसारखी वळवळत होती, एकही ओळखू येईना.

"काय लिहिलंय हो?"

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं.

हॉर्न पुन्हा वाजला. लिआंद्रोनं चिरूट थुंकून टाकला.

"चष्मा द्या, मास्तर! पाया पडतो तुमच्या. मी कोण म्हणून लिहिलंय, ते तरी वाचू द्या मला!"

"तू कशाला वाचतोस?" मास्तर म्हणाले. "तिकडच्यांना आवडेल असंच लिहिलंय."