स्वच्छ नकाशा

एकदा एका शरीरशास्त्राच्या आचार्यांनी आपल्या शिष्येला मानवी मूत्राशयाच्या मज्जातंतूंचा नकाशा काढायला सांगितलं. विषय ऐकून बरोबरीचे हसले. कुणाला हृदय मिळालं होतं, कुणाला मेंदू; हिच्या वाट्याला हे आलं. पण ज्याच्यासाठी तो नकाशा हवा होता, त्याला हसू येत नव्हतं. तो एक कापडाचा व्यापारी होता. मूत्राशयाला खेटून त्याच्या आतड्यात गाठ झाली होती आणि ती लवकरच काढायची होती. सर्जन त्याला घेऊन आचार्यांकडे आले, तेव्हा तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मेलो तर मेलो, साहेब. पण गिऱ्हाइकासमोर गादीवर बसलोय, धोतर भिजलंय आणि मला पत्ताच नाही, असं जिणं नको."

"तंतू कुठून जातात ते मला दाखवा," सर्जन म्हणाले. "तेवढी जागा मी राखीन."

विच्छेदनगृहात दान म्हणून आलेला एक देह होता. आचार्यांचे तिथले दोन नेम होते. चादर उचलण्याआधी ते देहाला विचारत, "येऊ का?" आणि उत्तर येण्याइतका वेळ थांबत. शिष्येला आधी याची गंमत वाटली. पुढेपुढे मात्र ती ते थांबणं टाळू लागली, कारण त्या शांततेत कुणीतरी उत्तराची जुळवाजुळव करतंय, असं तिला वाटे. दुसरा नेम असा, की देहाचा कणही फेकायचा नाही. जे खरवडून निघेल ते पायाशी ठेवलेल्या झाकणाच्या बादलीत जमा करायचं, म्हणजे शेवटी सगळं एकत्र अग्नीला देता येतं.

शिष्येचा हात फार स्वच्छ होता. चरबी म्हणजे अडगळ, ती काढून टाकली की रचना लखलखीत दिसते, हे तिने वर्षानुवर्षं ऐकलं होतं, आणि त्याबद्दलच तिला शाबासकीही मिळत आली होती. तिने देहाची डावी बाजू घेतली आणि चरबी निपटून काढायला सुरुवात केली. सुरुवातीला एक विचित्र गोष्ट होई. चिमटा मूत्राशयाजवळ नेला की तिला स्वतःलाच लघवीची निकड लागे. जाऊन यावं, चिमटा उचलावा, की पुन्हा तेच. मैत्रिणींनी चिडवून पुरेवाट केली. पण बाजू जसजशी साफ होत गेली, तसतशी ती निकड कमी झाली, आणि शेवटच्या दिवशी नाहीशीच झाली. हात सरावला, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

नकाशा सुरेख उतरला होता. माकडहाडाच्या वरून निघालेले मोजके जाड तंतू, आणि मूत्राशयाच्या कडेला मोकळी पांढरी जागा.

"इथून सुरी निर्धास्त जाईल, सर," ती म्हणाली.

आचार्यांनी नकाशा बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "आज सकाळपासून लघवीला गेली होतीस?"

ती ओशाळली. "नाही, सर. जावंसं वाटलंच नाही."

उन्हं कलली होती. तिने बेंबीखाली हात लावून पाहिला. पोट भरल्या घागरीसारखं टणक होतं. हाताला ते कळत होतं, आतून मात्र काहीच कळत नव्हतं.

"आधी जाऊन ये," आचार्य हलकेच म्हणाले.

ती परत आली तेव्हा त्यांनी पाण्याने भरलेल्या परातीत ती बादली उपडी केली होती. इतका नेटका माणूस अडगळ का कालवत बसला, हे तिला उमजेना. चरबीचे तुकडे सावकाश वर आले, तरंगू लागले, आणि प्रत्येकाच्या खालून केसाहून बारीक, पांढरे धागे लोंबू लागले. खिडक्या बंद होत्या, परातीला कुणाचा हात नव्हता, तरी ते धागे हलत होते. अंधारात कुणी बोटांनी चाचपडावं तशी त्यांची तुटकी टोकं काहीतरी शोधत होती. ती नकळत मागे सरली.

"मुली," आचार्य म्हणाले, "जे आपल्याला दिसत नाही ते नाहीच, असं धरून आपण झाडू मारतो. तू जी जागा मोकळी म्हणालीस, तिथूनच मूत्राशयाचा निरोप वर जात होता, की भरलोय, आता ऊठ. तो निरोप तुटला की मूत्राशय भरत राहतं आणि धनी स्वस्थ बसून राहतो. त्या स्वस्थपणाची मला फार भीती वाटते."

"पण मला आज तसं का झालं, सर?"

"कामात गढलं की भान राहत नाही, असं मी तुला सांगेन. चादरीखालच्याला काय सांगायचं असेल, ते मला ठाऊक नाही."

उजवी बाजू अजून शाबूत होती. दुसऱ्या दिवशी शिष्येने "येऊ का?" विचारलं आणि भीती वाटत असूनही पुरता वेळ थांबली. या खेपेस तिने चरबी काढली नाही; तो भाग पाण्याखाली धरून, भिंगातून एकेक धागा सोडवत गेली. नवा नकाशा मळकट दिसत होता. मोकळी जागा कुठे उरलीच नव्हती.

"यात मी सुरी फिरवू कुठे?" सर्जन वैतागले.

"सावकाश फिरवा," आचार्य म्हणाले.

शस्त्रक्रिया फार लांबली. गाठ निघाली. पुढे व्यापाऱ्याची लघवीची नळी काढली, त्या दिवशी शिष्या त्याच्या खाटेशी बसून राहिली. तो पाणी पीत होता. "काही वाटतंय?" तिने विचारलं. "काही नाही, बाई," तो म्हणाला. दुपार सरत आली. त्याचा चेहरा अगदी शांत होता, आणि ती शांतता तिला बघवेना. चादर उचलून पाहावी, असंही तिच्या मनात आलं.

एवढ्यात तो चुळबुळला. त्याने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "बाई, राग मानू नका, पण तुम्ही जरा बाहेर जाता का? आणि वॉर्डबॉयला आत धाडा."

तिने वॉर्डबॉयला आत पाठवलं, आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून मनसोक्त रडली.