पालखीचा दांडा

एकदा एक अख्खं गाव देशोधडीला लागलं. परक्या राजाने मुलूख जिंकला आणि गावची दोनशे माणसं मोठ्या नदीपलीकडच्या उजाड माळावर नेऊन वसवली. नदीवर पहारा बसवला. देव मागे देवळातच राहिला. लोकांनी जिवापाड जपून एकच वस्तू सोबत आणली, ती म्हणजे देवाच्या पालखीचा शिसवी दांडा. परत जाऊ त्या दिवशी याच दांड्यावर देवाला मिरवू, अशी सगळ्यांनी शपथ घेतली.

आणि मग गंमत पाहा काय झाली! उद्या-परवा जायचंच आहे, म्हणून कोणी झोपडीला उंबरठाच बसवेना. उंबरठा बसला की ते घर झालं आणि घर झालं की परतणं राहिलं, अशी त्यांची समजूत. उंबरठा नाही म्हणून दारात दिवा नाही, दिवा नाही म्हणून सांजेचं देवाचं पद नाही. सगळं कसं, तिकडे गेल्यावर! अशी तब्बल नऊ वर्षं गेली. दांड्याला मात्र दर सोमवारी न चुकता तेल लागत होतं.

हे तेल लावायचं काम नरहरकडे असे. वस्तीतल्या वृद्ध आचार्यांचा हा शिष्य. दांडाही आचार्यांच्याच झोपडीत ठेवलेला. नरहर रोज सूर्यास्ताला नदीकाठी बसून पलीकडे पाहायचा आणि रडून रडून डोळे लाल करून परतायचा. एके सकाळी त्याने गुरूंचे पाय धरले. आता सोसवत नाही, म्हणाला. आज दिवेलागणीनंतर नदीत उडी टाकणार, देवाचं दर्शन झालं तर झालं, नाहीतर पहारेकऱ्याचा बाण आहेच. याआधी तिघांनी असंच केलं होतं. तिघांपैकी एकही पलीकडे पोचला नव्हता.

आचार्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. नरहरला वाटलं, आशीर्वाद मिळाला.

दुपारी झोपडीतून करवतीचा आवाज येऊ लागला. नरहर धावत गेला आणि पाहतो तो काय, म्हातारा चक्क पालखीचा दांडा कापत बसलेला! हां हां म्हणता वस्ती गोळा झाली. बायका रडू लागल्या, एकाने तर दगड उचलला. आचार्यांनी कोणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कापलेला तुकडा उचलला, दारात चर खणला, त्यात तो नीट बसवला आणि पायाने माती दाबली. झोपडीला उंबरठा झाला.

नरहर म्हणाला, "बाबा, तुम्ही आमची आशाच कापलीत."

आचार्यांनी गर्दीतल्या एका आठ वर्षांच्या मुलीला जवळ बोलावलं. तिचा जन्म याच माळावरचा. आपला देव कोणता, असं त्यांनी तिला प्रेमाने विचारलं. पोर गोंधळली. तिने आईकडे पाहिलं, नरहरकडे पाहिलं, आणि मग उरलेल्या दांड्याकडे बोट दाखवलं.

ज्याने दगड उचलला होता त्याने तो हळूच खाली ठेवला.

"नऊ वर्षं दांडा राखलात," आचार्य म्हणाले, "खांदे राखले नाहीत. उद्या राजाने सोडलं, तर पालखी उचलणार कोण? ही? हिला आत कोण बसतं तेच ठाऊक नाही. आणि नरहर, तू देवासाठी जीव द्यायला निघालास. अरे, जीव द्यायला एक क्षण पुरतो. पण या नऊ वर्षांत, या मातीत उभं राहून, सगळं मन ओतून एकदा तरी त्याला हाक मारलीस का? तुझं अर्धं मन नदीपलीकडे, उरलेलं अर्धं गाठोड्यात बांधलेलं. हाक मारणार कोण? आज मार. ओ आली नाही, तर मीच तुला नदीवर पोचवतो."

दिवेलागण झाली. नरहरने त्या उंबरठ्यावर दिवा ठेवला आणि पद म्हणायला सुरुवात केली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, आणि तिसरी काही केल्या आठवेना! नऊ वर्षांत पार विसरला होता. डोळे मिटून त्याने जिवाच्या आकांताने देवाचं नाव घेतलं. तोच शेजारच्या झोपडीतून एका म्हातारीने कापऱ्या आवाजात तिसरी ओळ उचलली. चौथी पलीकडून कोणीतरी दिली. माणसं बाहेर आली, टाळ नव्हते म्हणून हातांनीच ताल धरला, आणि बघता बघता अख्खा माळ गाऊ लागला. ती मुलगी प्रत्येक ओळ मागून म्हणत होती, चुकत होती आणि पुन्हा म्हणत होती. नरहर उंबरठ्यापाशी बसून एकाच वेळी हसत होता आणि रडत होता. एवढा आनंद त्याला गावी असतानाही कधी झाला नव्हता.

"काय रे," आचार्यांनी मिस्कीलपणे विचारलं, "निघायचं ना नदीवर?"

"नाही बाबा," नरहर म्हणाला. "उरलेल्या दांड्यात अजून चार उंबरठे निघतील."

बावीस वर्षांनी राजा बदलला आणि गाव परतलं. पालखीला नवा दांडा केला तो माळावरच्या बाभळीचा, आणि पुढचा खांदा त्याच मुलीने दिला. सगळी पदं तिला तोंडपाठ होती.

आपण कोणत्या दांड्याला तेल लावत बसलो आहोत, ते ज्याने त्याने आज घरी गेल्यावर पाहावं.