बारा डोल्या आणि एक तांब्या

“नवी डोली नाही, नवा भोई नाही! पण आठ दिवसांत प्रत्येक आजारी माणूस वेळेवर वैद्याकडे पोचला पाहिजे. नाहीतर राखोजी, तू राज्याबाहेर!” रणधवल राजा गरजला.

म्हाताऱ्या राखोजीच्या तोंडचं पाणीच पळालं. डोंगरातल्या आजाऱ्यांना राजवैद्याकडे वाहून आणणाऱ्या भोयांचा तो म्होरक्या. डोल्या अवघ्या बारा. गावं वाढली, माणसं वाढली, तशी दुखणीही वाढली, आणि भोई धावून धावून बेजार झाले. त्यात राजाची हौस अशी, की बाराही डोल्या राजवाड्याच्या दारात ओळीनं उभ्या हव्यात आणि निघण्याआधी भोयांनी त्याला मुजरा करायलाच हवा. राजाची दुपारची झोप होईपर्यंत डोली जागची हलत नसे!

राखोजीची लेक गोजरा म्हणाली, “बाबा, तुम्ही निवांत बसा. मी बघते महाराजांकडं!”

आठव्या दिवशी राजा जेवायला बसला, तोच गोजरा भाकरी आणि ठेचा घेऊन हजर. मागोमाग राखोजीही.

“उपाय सांगते महाराज, पण आधी आमच्या घरचा ठेचा चाखा. झेपेल ना?”

“आम्हाला विचारतेस?” राजानं भला मोठा घास घेतला आणि जो काही ठसका लागला! “पाणी! पाणी!”

“आणते की!” गोजरा रमतगमत दाराशी गेली. तांब्या तिनं आधीच तिथं नेऊन ठेवला होता, वाढपीही तिला सामील होते. तांब्या उचलून तिनं लांबूनच वाकून मुजरा केला. एकदा. मग पुन्हा एकदा.

“अगं, मुजरे कसले करतेस? जीव चाललाय इथं! आणि पाणी पानाशेजारी ठेवायचं सोडून दारात कुणी ठेवलं?”

“मग डोल्या दारात कुणी ठेवल्या, महाराज? माणूस तडफडतो डोंगरात आणि डोली इथं मुजऱ्याला उभी! आधी निरोप्या येणार, मग डोली जाणार, मग ती परत येणार. त्यापेक्षा दर चार गावांत एक डोली ठेवा. तीन खेपांचं काम एका खेपेत! नवी डोली नको, नवा भोई नको!”

राजानं तांब्या हिसकावून घटाघटा रिकामा केला. मग त्याला हसू फुटलं. इतका हसला, की पुन्हा ठसका लागला! राखोजीच्या हातात त्यानं स्वतःच्या हातातलं सोन्याचं कडं घातलं.

“आणि पोरी, तुला काय हवं?”

“वाट, महाराज! आजाऱ्याची डोली दिसली की सगळ्यांनी बाजूला व्हायचं.”

“आमच्या पालखीनंसुद्धा?”

“तिनं सगळ्यात आधी!”

“दिली!” राजा डोळे पुसत म्हणाला. “पण एक डोली मात्र इथं दारातच राहू दे. तुझा ठेचा आम्हाला पुन्हा खायचाय!”