अमात्याच्या तोंडातला घोट

फार पूर्वी शंखपुरात राजा भद्रसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. त्या नगराच्या सभेची एक रीत होती. बोलणारा सोडून बाकी सर्वांनी तोंडात पाण्याचा घोट धरून बसायचे. मध्येच कोणी तोंड घातले की पाणी त्याच्याच अंगावर सांडे आणि सभा हसे. राजाला तेवढी सूट होती. मात्र राजाचा निकाल अमात्याने मोठ्याने पुकारल्याखेरीज लागू होत नसे.

एकदा मेघवती नावाची डोंगरातली बाई वाळवलेल्या पोकळ भोपळ्यांत तिळाचे तेल भरून विकायला आली. तिचे तेल स्वस्त होते. नगरातल्या तेल्यांचा प्रमुख धनिक याने तिला वेशीवरच अडवले आणि वाद सभेत आला.

मेघवती म्हणाली, "महाराज, मी कुणाच्या गळ्यात तेल मारत नाही. ज्याला हवं तो घेतो. मग मला वेशीवर का अडवायचं? हे तेल विकलं नाही तर आमचा पाडा काय खाणार?"

धनिकाला धीर धरवेना. त्याच्या तोंडातले पाणी छातीवर सांडले. "बाहेरची बाई आम्हाला बाजार शिकवते!" असे ओरडत तो तिला पुढे बोलूच देईना.

बाजार सर्वांना खुला असावा, असे बोधिसत्त्वाला मनापासून वाटे. राजाचेही तेच मत होते, पण आता तो संतापला. "या उद्धटाचं एक अक्षर ऐकायचं नाही. बाजार खुला, आणि हा नगराबाहेर! अमात्य, निकाल पुकारा."

हवा तो निकाल आयता हातात आला होता. बोधिसत्त्वाने तांब्या उचलून आणखी एक घोट तोंडात घेतला आणि 'तू बोल' अशा खुणेने धनिकाकडे हात केला.

"गिळा ते पाणी," राजा म्हणाला. बोधिसत्त्वाने मान हलवून नकार दिला.

"अमात्यपद जाईल!"

बोधिसत्त्वाने बोटातली मुद्रा काढून राजाच्या पायाशी ठेवली. एवढा मोठा अमात्य गाल फुगवून बसलेला, एरवी सभेला हसू आवरले नसते. त्या दिवशी कोणी हसले नाही.

राजाने वाकून ती मुद्रा उचलली. मग तो म्हणाला, "आणा, मलाही घोट द्या."

सगळे गप्प झाल्यावर धनिकाचा आवाज आपोआप खाली आला. "महाराज, चौकाचौकातले दिवे आम्ही तेली जाळतो, आजोबांच्या वेळेपासून. ते तेल फुकट जातं, म्हणून विकायचं महाग पडतं. आम्ही बुडालो तर रस्ते अंधारात जातील. आजवर हे कुणी विचारलंच नाही."

मेघवतीने घोट गिळला. "मला वाटलं, हा नुसता हावरट आहे. दिव्यांना मीही तेल देईन, दादा. पण वेस मला उघडी हवी."

राजाने निकाल दिला. बाजार सर्वांना खुला, आणि दिव्यांचा भार तेल विकणाऱ्या प्रत्येकावर. तेव्हा कुठे बोधिसत्त्वाने घोट गिळून निकाल पुकारला. राजाने मुद्रा स्वतःच्या हाताने त्याच्या बोटात घातली.

विहारातल्या चर्चेत भिक्षुणी रेवेचे बोलणे भिक्षू सोमिल वारंवार तोडत होता, तेव्हा त्यांच्या गुरूने, शास्त्याने, ही कथा सांगितली. शेवटी तो म्हणाला, "सोमिला, मागच्या एका जन्मी तो धनिक तू होतास. मेघवती ही रेवा. भद्रसेन म्हणजे आपले स्थविर पुण्यक, आणि अमात्य मी. ज्याचे म्हणणे आपल्याला पटत नाही, त्याला बोलता यावे म्हणून आपले आसन पणाला लावणे आणि तिथून न हलणे, याला अधिष्ठान पारमिता, म्हणजे अढळ निश्चयाची परिपूर्णता, म्हणतात."

सोमिलाने तांब्या जवळ ओढला, एक घोट तोंडात घेतला आणि रेवेकडे हात केला.