हत्तींच्या अंघोळीचं पीक

“हरणं गेली कुठं?” भद्रसेन महाराज गरजले. दोन दिवस माळ पालथा घातला, तरी हाती ससासुद्धा लागला नव्हता. भर उन्हाळ्यात त्या मुरमाड माळावर गवताची काडी नव्हती. हरणं काय खडे चघळायला येणार? पण एवढं कळायला डोकं लागतं, आणि महाराजांनी तिथं नुसता मुकुट ठेवला होता!

खापर गावावर फुटलं. “तुमच्या गुरांनी हरणांचा चारा फस्त केला! महिन्याभरात याच माळावर हिरवा चारा पिकवा आणि हरणं आणून दाखवा. विहिरीला हात लावायचा नाही, ते पाणी माळावरच्या आमच्या शिकारीच्या छावणीचं! जमलं नाही तर तुमचं गायरान आमच्या शिकारखान्यात जमा!”

गायरान गेलं म्हणजे गावची गुरं उपाशी मरणार. पाटील घाबरून नुसते मुजरे घालत राहिले. तेवढ्यात एका शेतकऱ्याची पोर, हौसा, पुढं झाली.

“कबूल, महाराज! जागा मात्र मी निवडणार.”

तिनं छावणीतल्या हत्तीखान्याखालचा उतार निवडला. माहूत रोज हत्तींना धुवायचे आणि लिदीसकट सगळं पाणी उतारानं वाहून जायचं. हौसानं ते दगडांच्या ताली घालून अडवलं आणि मटकी, चवळी पेरली.

प्रधानजी नाक दाबून बघायला आले. “पोरी, इथं धोंडे उगवतील धोंडे!”

“उगवले तर दरबारात पाठवीन. तिथं खपतात!”

महिना भरला. उतार हिरवागार झाला, पण हरणांचा पत्ता नाही! महाराज खूश झाले. “हरलीस! गायरान आमचं!”

“महाराज, ढोल वाजवत, कुत्री घेऊन आलात, तर कोण येईल? सगळं मागं धाडा आणि झुडपाआड गप्प बसा. जमेल?”

महाराज जन्मात पहिल्यांदा गप्प बसले. थोड्याच वेळात हरणांचा कळप आला आणि मटकी खाऊ लागला.

“विहिरीचं पाणी चोरलंस!” प्रधानजी झुडपाआडूनच दबक्या आवाजात खेकसले.

“मी विहिरीकडे फिरकलेसुद्धा नाही. पाणी तुमच्या माहुतांनी काढलं, हत्तींवर ओतलं. मी फक्त सांडलेलं अडवलं.”

“म्हणजे हे सगळं हत्तींच्या अंघोळीवर?” महाराज चाट पडले.

“होय, महाराज! तुमचे हत्ती अंघोळ करतात तर एवढ्या हरणांची पोटं भरतात. प्रधानजीही रोज अंघोळ करतात. आजवर कुणाचं पोट भरलं?”

महाराज असे खदाखदा हसले की हरणं उधळली! त्यांनी गायरान कायमचं गावाच्या नावे करून दिलं, हौसाच्या हातात सोन्याचं कडं घातलं आणि डोळे पुसत हुकूम सोडला,

“प्रधानजी, उद्यापासून तुमची अंघोळ हत्तीखान्यात!”